‘घाबरवता कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, आईच्या गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. केमो आणि शेक (म्हणजे रेडिएशन) एकत्र घेतल्यावर होणाऱ्या त्रासांची जंत्री वाचून तुमची मावशी उपचारच नको म्हणतेय, आणि शेकावर भागत असेल तर केमो हवी कशाला, असं तुमचं म्हणणं.

एक चूक आधीच कबूल करते. महिन्याभरात होणारे आणि वर्षांनी उपटणारे त्रास मी एकाच परिच्छेदात कोंबले. वाचणाऱ्याला वाटणार, सगळं एकदमच अंगावर येतं. तसं नसतं.

केमोचं म्हणाल, तर टाटा मेमोरियलनेच ३बी, म्हणजे बऱ्याच पुढे गेलेल्या स्टेजच्या ८५० बायकांमध्ये हे तपासलंय. नुसत्या शेकावर ५ वर्षांनी ४६ टक्के हयात होत्या. सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन ही केमो घेतलेल्यांत ५४ टक्के. शंभरात आठ जणी, दादा. मावशीची किडनी साथ देत नसेल तर डॉक्टर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघून ठरवतीलच.

आता घाबरवण्याचं. चौथ्या आठवड्यात आईला जुलाब लागले. आतडं शेकाच्या वाटेतून वर सरकावं म्हणून मशिनखाली लघवीची पिशवी भरलेली लागते. त्यामुळे ही बाई अर्धा लिटर पाणी पिऊन, पाय आवळून बाकावर बसलेली. पुढून एक घाई, मागून दुसरी! तरी ‘आता पुरे’ म्हणाली नाही, कारण हे होणार हे तिला ठाऊक होतं. ताकभात, गोळ्या, ओआरएस यांवर २५ शेक पुरे केले. मध्ये खंड पडून चालत नाही. आतून द्यायच्या शेकासकट सगळं साधारण आठ आठवड्यांत उरकावं लागतं.

पुढचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. वर्षभराने शौचाला रक्त दिसलं, ते तिने दोन महिने लपवलं. कॅन्सर परत आला, असं धरून बसली होती. निघाली शेकाने गुदाशयाला आलेली सूज. औषधाच्या एनिम्याने आटोक्यात आली. आणि योनिमार्ग आकसू नये म्हणून डायलेटर, म्हणजे आत घालायची गुळगुळीत कांडी, वापरायचा असतो, हे तर कुणी उच्चारलंच नाही. ५८ वर्षांची विधवा, हिला कशाला, असं वाटलं असावं. आता दर तपासणीला ती पदराचा बोळा दातांत धरते.

मावशीला माझा लेख दाखवू नका, हवं तर. पण जुलाब साधारण केव्हा लागतील आणि लागले तर कुणाला फोन करायचा, एवढं डॉक्टरांकडून लिहून घ्या. डायलेटरचं विचारायला तुम्हाला अवघड वाटलं, तर वहिनींना सोबत न्या.