मी, प्रकाशदत्तात्र

आज डेन्व्हरला एका पोरीला विमानाच्या दारातून परत पाठवलं. मीच पाठवलं, त्या विमानाचा कॅप्टन मी. तीही पायलट, तिला जंपसीटवर बसून यायचं होतं. आता हॉटेलवर येऊन बसलोय, जेवायची इच्छा नाही, म्हणून लिहितोय. लांबेल. सुरक्षा किती महत्त्वाची यावर कमेंटमध्ये मला शिकवायला येऊ नका, पाया पडतो.

ज्यांना जंपसीट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉकपिटमध्ये आम्हा दोघांच्या मागे एक घडीची खुर्ची असते. पाठ ताठ, गुडघे दुमडलेले, पाय पसरायला जागा नाही. तिकीट काढून कुणी बसणार नाही असली खुर्ची. पण इथे अमेरिकेत आमच्यातले कितीतरी जण राहतात एका गावात आणि बेस, म्हणजे ड्युटी सुरू होते ते ठिकाण, असतो दुसऱ्या गावात, ते कामावर जातात-येतात याच खुर्चीवर. दुसऱ्या कंपनीचं विमान असलं तरी चालतं. रीत एकच. आधी कॅप्टनला विचारायचं, "येऊ का?" न विचारता बसलेला माणूस आमच्यात वाया गेलेला समजतात.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर, सातारा डेपो. रजेवर निघालेला दुसऱ्या डेपोचा ड्रायव्हर केबिनच्या दाराशी यायचा, "दादा, कराडपर्यंत येऊ का?" वडील जेवणाचा डबा उचलायचे आणि इंजिनच्या झाकणावर पोतं टाकायचे. झालं. खाकी कपडे आणि डेपोतल्या चार माणसांची नावं, एवढ्यावर ओळख पटायची.

11 सप्टेंबर 2001 नंतर इथे ते संपलं. कॉकपिटची दारं चिलखती झाली, दुसऱ्या कंपनीच्या पायलटला खुर्ची बंद. पुढे कॅस नावाची यंत्रणा आली तेव्हा ती परत मिळाली. गेटवरचा माणूस आपला नंबर टाकतो, आपल्या कंपनीच्या नोंदीतून उत्तर येतं, फोटो येतो. हा पायलट नोकरीत आहे का? हो किंवा नाही. उत्तर "हो" आलं तरी कॅप्टन नाही म्हणू शकतो. उत्तर "नाही" आलं तर कॅप्टनच्या बापालाही हो म्हणता येत नाही. म्हणजे नाही म्हणायचा अधिकार माझा, हो म्हणायचा संगणकाचा.

हे मला 2019 साली कळलं. 1 सप्टेंबर, रविवार, रात्र. दुसऱ्या दिवशी गणपती, आमचा दीड दिवसाचा. मी डेन्व्हरला, घर नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅलीला. केबिन खचाखच भरलेली, कारण लेबर डेच्या सोमवारच्या सुट्टीचा वीकेंड. पण जंपसीट रिकामी, आणि कॅप्टन कोण? माझ्याबरोबर जुन्या कंपनीत तीन वर्षं उडालेला माणूस. मुलाच्या मुंजीत मांडी घालून बसल्यानं ज्याचा पाय आखडला होता तो.

संगणक म्हणाला, नाही.

त्याच महिन्यात आमच्या कंपनीनं नोंदी नव्या सिस्टिममध्ये हलवल्या होत्या. लायसन्सवर माझं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. नव्या सिस्टिमनं मला आणि वडिलांना जागा न सोडता चिकटवलं आणि लांब होतंय म्हणून शेपूट छाटलं. मी झालो प्रकाशदत्तात्र. वडिलांचा "य" गेला आणि त्याबरोबर माझी नोकरीही गेली, निदान कॅसच्या मते.

तासाभरापूर्वी मी दीडशे माणसं घेऊन त्याच धावपट्टीवर उतरलो होतो! हातात लायसन्स, मेडिकल, कंपनीचं कार्ड, पासपोर्ट. समोर माझ्या मुलाला भिक्षावळ घातलेला माणूस. तो स्क्रीनकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय, आणि म्हणतोय, सॉरी, नाही नेता येणार.

तेव्हा मी त्याच्यावर चिडलो होतो. वर्षभर धड बोललो नाही. ते आठवून आज लाज वाटतेय.

आपल्या नावांचं हे नाटक तुम्हाला नवीन नाही. तुमच्यातल्या प्रत्येकानं बँकेत, डीएमव्हीत म्हणजे गाडीच्या लायसन्सच्या ऑफिसात, कुठे ना कुठे "मिडल नेम म्हणजे वडिलांचं" हे प्रवचन दिलेलं आहे. पण आपण हसून सोडून देतो. का सोडतो?

हो, माहितीये. 1994 मध्ये मेम्फिसहून निघालेल्या फेडेक्सच्या विमानात जंपसीटवरच्या माणसानं हातोड्यानं तिघांची डोकी फोडली. ऑक्टोबर 2023 मध्ये एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला चाललेल्या हॉरायझनच्या विमानात जंपसीटवरच्या पायलटनं इंजिनं बंद करणारी फायर हँडल ओढायला हात घातला. पण अहो, ते दोघंही नोकरीत होते! दोघांचीही कार्डं अस्सल होती. त्यांना यंत्र "हो"च म्हणणार. नाही कुणाला म्हणालं? दत्तात्रयाच्या पोराला.

1987 चं पीएसए कंपनीचं विमान मात्र मला गप्प करतं. नोकरीवरून काढलेला माणूस, ओळखपत्र परत घेतलं नव्हतं, तेच दाखवून पिस्तूल घेऊन चढला. 43 जण गेले. असं ओळखपत्र घेऊन आज कुणी जंपसीट मागितली तर तो कॅसमध्ये अडकेल. बरं, मान्य.

पण त्या खुर्चीनं वाचवलेली माणसं कुणी मोजत नाही. 28 ऑक्टोबर 2018, लायन एअरचं बालीहून जकार्ताला जाणारं विमान सारखं नाक खाली घालत होतं. जंपसीटवर ड्युटीवर नसलेला एक पायलट होता. ट्रिमच्या, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या, मोटरची वीज तोडा, असं त्यानं सांगितलं आणि विमान सुखरूप उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान उडालं तेव्हा मागे तो नव्हता. 189 माणसं समुद्रात गेली.

म्हणून चिडचिड होते. मागे बसलेला माणूस म्हणजे धोका, असंच सगळे धरून चालतात. आमच्यासाठी ते डोळ्यांची तिसरी जोडी असते, दहा हजार फुटांवर गेल्यावर गप्पांना कुणीतरी असतं, आणि कुणाच्या तरी घरी कुणीतरी वाट बघत असतं.

तर 2019 चं सांगत होतो. मंगळवारी कंपनीचं ऑफिस उघडलं. फोनवरच्या बाईनं एक स्पेस दिली आणि एक अक्षर घातलं. चार मिनिटं लागली. आरती मी डेन्व्हरच्या गेटवर फोनवर ऐकली होती, लोक बघतील म्हणून टाळ्या न वाजवता. रात्री घरी पोचलो तर विसर्जन झालेलं. मुलानं अंगणात टबमध्ये केलं होतं. टब अजून तिथेच, तळाशी गाळ. फ्रीजमध्ये माझ्या वाटणीचा एक उकडीचा मोदक, दगडासारखा.

तर आज. डेन्व्हर-ऑरलँडो, केबिन भरलेली, मागची खुर्ची रिकामी. पोरगी पोर्तो रिकोची, खांद्यावर को-पायलटच्या तीन पट्ट्या, आत येऊन रीतीनं विचारलं, येऊ का? मी म्हटलं, ये ना. तेवढ्यात गेटवरचा माणूस तिच्यामागे आला आणि मान हलवली. त्यांच्यात वडिलांचं आणि आईचं अशी दोन आडनावं असतात. एक कुठेतरी गळलं होतं.

तिनं कार्ड काढलं, लायसन्स काढलं, एकेक करून माझ्यापुढे धरलं. मी वाचायचं नाटक केलं. मग तेच म्हणालो जे मला सांगितलं गेलं होतं, अगदी त्याच शब्दांत. तिला घरी कशासाठी जायचं होतं हे विचारायचा धीर झाला नाही. "ठीक आहे कॅप्टन, समजू शकते," असं ती म्हणाली. मी 2019 मध्ये असं म्हणालो नव्हतो.

दार लागलं. साडेतीन तास मागे कुणी नव्हतं. को-पायलटनं मध्येच त्या खुर्चीवर जॅकेट टाकलं, तर उगाचच त्याच्यावर खेकसलो.

मुंजीतल्या त्या मित्राला आत्ता मेसेज टाकलाय. त्याच्याकडे रात्रीचा दीड वाजलाय, झोपला असेल.