सैतानाचं संगीत आणि चर्चमधल्या आजी

आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चालू आहे. भाच्याच्या बँडला कॉलेजच्या गॅदरिंगमधून ऐनवेळी वगळलं. कारण, मेटल, म्हणजे रॉकचा तो जड, कर्कश प्रकार. काही पालकांनी म्हणे तक्रार केली की ही सैतानाची गाणी आहेत, ऐकून पोरं जिवाचं बरंवाईट करतात. बापाने अशा वेळी पोराची बाजू घ्यावी की नाही? दादाने एक लांबलचक फॉरवर्ड टाकला: ही गाणी उलटी वाजवली की त्यात मरणाचे आदेश ऐकू येतात, पाश्चात्त्य देशांतली एक अख्खी पिढी यानेच वाया गेली. खाली वहिनीचा अंगठा.

त्या पाश्चात्त्य देशांपैकी एकात, फिन्लंडमधल्या हेलसिंकीत, मी राहते. तेव्हा उत्तर देणं आलंच.

दादा, उलट्या गाण्याचं प्रकरण कधीच कोर्टात जाऊन आलंय. 1985 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या नेवाडात दोन तरुणांनी स्वतःवर बंदूक चालवली. घरच्यांनी जुडास प्रीस्ट या मेटल बँडवर दावा लावला की त्यांच्या 1978 च्या अल्बममधल्या एका गाण्यात ‘कर’ असा छुपा आदेश आहे. 1990 साली रीनोमध्ये खटला चालला. गायक रॉब हॅलफर्डने आपलीच गाणी उलटी वाजवून कोर्टात ऐकवली. त्यात कुणाची तरी खुर्ची मोडल्याची तक्रार ऐकू येत होती! तो आवाज योगायोगाने जुळून आलाय, मुद्दाम घातलेला नाही, असं म्हणून न्यायाधीशांनी दावा फेटाळला. ते दोघे त्या दिवशी दारू आणि गांजाच्या नशेत होते, ही माहिती फॉरवर्डमध्ये कशी येत नाही?

त्याच 1985 च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या सिनेटसमोर सुनावणी झाली होती. बड्या नेत्यांच्या बायकांनी घाणेरड्या गाण्यांची यादी केली होती. ट्विस्टेड सिस्टर या मेटल बँडचा गायक डी स्नायडर सोनेरी केसांचं जंजाळ घेऊन तिथे बसला आणि शांतपणे म्हणाला, मी दारू पीत नाही, सिगारेट ओढत नाही, ख्रिश्चन आहे. ज्या गाण्यात तुम्हाला अत्याचार दिसतो ते आमच्या गिटारिस्टच्या घशाच्या ऑपरेशनवर आहे. ऐकणाऱ्याच्या मनात जे असतं तेच त्याला ऐकू येतं.

मेटलपायी खरंच कुणाच्या आयुष्याची माती झाली असेल तर ती आर्कान्सामधल्या तिघांच्या. 1993 मध्ये वेस्ट मेम्फिसला तीन लहान मुलांचा खून झाला. पोलिसांनी गावातली तीन पोरं उचलली. काळे कपडे, मेटालिका या मेटल बँडचे टीशर्ट, म्हणजे सैतानपूजक असणारच, असा सूर लागला. एकाला फाशीची शिक्षा, दोघांना जन्मठेप. 18 वर्षांनी, 2011 साली, सरकारी पक्षाशी तडजोड करून ते बाहेर आले. भाच्याला गॅदरिंगमधून काढणं त्यापुढे काहीच नाही, मान्य. पण संशयाची जात तीच.

आता कुणीतरी नॉर्वे काढणार, म्हणून मीच काढते. 1992 मध्ये बर्गनजवळचं फांटोफ्टचं लाकडी चर्च जाळलं गेलं, मग आणखी चर्चेस. 1993 मध्ये एका मेटल बँडवाल्याने दुसऱ्याचा खून केला, त्याला 21 वर्षांची शिक्षा झाली. त्या छोट्या टोळक्यात संगीत आणि गुन्हा एकमेकांत मिसळले होते, हे खरं आहे. नॉर्वे आमचा शेजारी. वाद घालताना मी त्याला हळूच बाजूला ठेवते आणि फिन्लंडचं सांगते. दादाही तेच करतो, फक्त उलट.

तर फिन्लंड. 2006 साली लोर्डी हा मेटल बँड राक्षसांचे मुखवटे घालून युरोव्हिजन ही युरोपातली गाण्याची स्पर्धा जिंकला, आणि देशाला ते यश पहिल्यांदाच मिळत होतं. आमच्या पाइवाकोतीतली, म्हणजे पाळणाघरातली, पोरं हेवीसाउरुसची गाणी म्हणतात. डायनासोरचे पोशाख घातलेला मेटल बँड, खास मुलांचा. नेउवोलातली, म्हणजे बाळांच्या सरकारी दवाखान्यातली, नर्स हाताच्या कोपरापर्यंत कवट्या गोंदवून लस टोचते आणि टोचून झाल्यावर बाळालाच सॉरी म्हणते. 1990 मध्ये या देशात दीड हजारावर आत्महत्या झाल्या होत्या. आता वर्षाला त्याच्या निम्म्याच्या आसपास. याच काळात मेटल इथे घरोघरी पोचलं. आकडा मेटलने खाली आणला असं मी म्हणत नाही, त्यामागे सरकारने वर्षानुवर्षं चालवलेली मोहीम आहे. पण मेटलने तो वाढवलाही नाही ना?

आणि चर्च. इथे मेतालीमेस्सु असते, लुथरन चर्चची रीतसर प्रार्थनासभा, फक्त भजनं मेटलच्या चालीत. मी एकदा गेले होते. शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजी. कानात पिवळे फोमचे प्लग, केसांना चिमटा, हातात भजनांचं पुस्तक. ड्रमरने दोन्ही पायांनी बास ड्रम बडवायला सुरुवात केल्यावर बाकाची फळी थरथरायला लागली. आजींनी पुस्तक थोडं वर धरलं आणि ओळ न चुकवता गात राहिल्या. पाद्रीबाबा आशीर्वाद देईपर्यंत कुणी हललं नाही.

दादाचा पुढचा मेसेज: “तिकडे चालतं, आपल्याकडे नाही. आणि तू तिकडे बसून शिकवू नकोस.”

आपल्याकडे म्हणजे कुठे? आशियातच बघायचं तर इंडोनेशियाचे जोको विडोडो मेटलचे उघड चाहते. 2013 मध्ये ते जकार्ताचे गव्हर्नर असताना मेटालिकाच्या बासिस्टची सही असलेली बास गिटार त्यांना भेट आली. त्यांनी ती भ्रष्टाचारविरोधी आयोगाकडे जमा केली. नंतर ते राष्ट्राध्यक्ष झाले. नुसती भजनं ऐकणाऱ्या किती नेत्यांनी आलेली भेट परत केलीय, ते दादाने ग्रुपवर टाकावं.

‘शिकवू नकोस’ मात्र लागलं. कारण त्यात तथ्य आहे.

कॉलेजात असताना मी हीच गाणी दार लावून, वॉकमनवर ऐकायचे. आईला वाटायचं अभ्यास चाललाय. ब्लॅक सॅबथ या बँडच्या गिटारिस्टची, टोनी आयोमीची गोष्ट मला तोंडपाठ होती: बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात नोकरीच्या शेवटच्या दिवशी सतराव्या वर्षी त्याची दोन बोटांची टोकं गेली, त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, दुखतं म्हणून पुढे तारा सैल केल्या, आणि त्यातून तो जड, खोल आवाज निघाला. हे सगळं माहीत असणारी वर्गातली मी एकटी. तेवढ्यावर मी स्वतःला वेगळी समजायचे, आणि तोरा मिरवायचे.

इथे आल्यावर तो तोरा संपला. तुस्का या इथल्या मेटल महोत्सवाला सुविलाहतीच्या पटांगणावर सगळेच काळ्या टीशर्टात. माझ्या ऑफिसमधल्या अकाउंटंटला माझ्यापेक्षा जास्त बँड माहीत आहेत. गाणी माझी होती, गर्दी माझी नाही. फिनिश गाण्यातला विनोद मला अर्ध्या सेकंदाने कळतो, तोवर सगळे हसून झालेले असतात. आणि तिकडे ग्रुपवर मी आता ‘परदेशातली ताई’, जिचं मत विचारत नाहीत, सहन करतात.

म्हणून मी भांडते. मेटलसाठी आहेच, पण दादा अजून माझ्यावर चिडतो, हेही मला हवं असतं. इथे या विषयावर माझ्यावर चिडायला कुणी तयारच नाही.

भाच्याने काल वेगळा मेसेज केला, ग्रुपवर नाही. “आत्या, तू बाबांशी भांडू नकोस, ते आणखी हट्टाला पेटतात. आम्ही एका मित्राच्या गच्चीवर वाजवणार आहोत. एकच सांग, बासची पहिली तार किती सैल करू?”

ते मला नीट सांगता आलं नाही. मी कधी वाजवलंच नव्हतं. उद्या त्या अकाउंटंटला विचारते.