पेनीला साप चावलाय आणि पुस्तक परत आलंय

आज संध्याकाळी वाचनालयात एक आई 'पाडस' परत करून गेली. मुलगी नववीत आहे, ती सोबत नव्हती. "तिचं अर्धं वाचून झालंय, पण शेवट वाईट आहे म्हणे. हरणाच्या पिल्लाला मारतात. या वयात असलं कशाला? काहीतरी पॉझिटिव्ह द्या ना ताई." मी पुस्तक घेतलं, रजिस्टरात नोंद केली आणि गप्प बसले. गावात राहायचंय. म्हणून इथे बोलते.

ती गेल्यावर पुस्तक उघडलं तर खुणेला घातलेलं एसटीचं तिकीट आत तसंच. कुठे? पेनीला, म्हणजे गोष्टीतल्या मुलाच्या बापाला, साप चावतो तिथे! बाप जगतो की मरतो हे कळायच्या आत त्या पोरीच्या हातातून पुस्तक काढून घेतलं. मुलीच्या मनाची एवढी काळजी आहे ना, मग निदान तो वाचतो एवढं तरी घरी जाऊन सांगा तिला.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. (शेवट सांगणार आहे, नंतर भांडू नका.) मार्जोरी किनन रॉलिंग्जची ही कादंबरी 1938 सालची, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. राम पटवर्धनांनी ती मराठीत आणली. फ्लोरिडाच्या रानातला ज्योडी नावाचा मुलगा हरणाचं पोरकं पाडस घरी आणतो, जीव लावतो. पाडस मोठं होतं आणि शेतात उगवलेला मका खातं. कुंपण घालून झालं तरी खातं. घरात वर्षभराचं खाणं तेवढंच. बाप अंथरुणावर पडलेला, त्याचाही त्या पाडसावर जीव, आणि तोच सांगतो की आता त्याला गोळी घालावी लागेल. यात दुष्ट कोणीच नाही, म्हणून तर ते इतकं लागतं.

आमच्या वाडीतला एक मुलगा. आठवीत होता तेव्हा. पुस्तकाचं नाव काढलं की मागच्या दाराने पसार. मे महिन्यात काजूच्या बागेत राखणीला बसायचा, वेळ जाईना म्हणून "जाडातला जाड द्या" म्हणाला. मी 'पाडस' दिलं. वाचनालयाच्या त्या प्रतीत अजून बोंडवाच्या (काजूच्या फळाच्या) रसाचे तपकिरी डाग आहेत, मधल्या पानांवर चांगला अंगठा उमटलाय. तो डाग जन्मात जात नाही हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

आठवड्याभराने आला आणि पुस्तक टेबलावर आपटलं. डोळे लाल. "काकी, तुमका म्हायत होता मा? मगे आधी कित्याक सांगलास नाय?" आणि निघून गेला. मी थांबवलं नाही. रडलेल्या आठवीतल्या मुलाला थांबवायचं नसतं.

आता सांगा, हे निगेटिव्ह झालं का?

आणि ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "मुलांनी वाचायलाच हवीत अशी पुस्तकं" म्हणून याद्या फिरतात, तिथे सगळ्यात वर काय असतं? 'श्यामची आई'. असायलाच हवं. साने गुरुजी आपल्या दापोली तालुक्यातल्या पालगडचे. नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहिलं त्यांनी ते. पण बायांनो आणि बाप्यांनो, शेवट आठवतो का? कर्ज वाढत जातं, घरावर जप्ती येते, आणि श्याम पोचायच्या आत आई जाते! याच यादीत 'एक होता कार्व्हर'ही असतं. तिथे तर सुरुवातीलाच आईसकट तान्हं पोर पळवतात, घोडा देऊन पोर परत मिळतं, आई नाहीच मिळत. ती पुस्तकं चालतात, त्यांच्यावर संस्काराचा शिक्का आहे ना. 'पाडस'वर नाही. साधी गोष्ट आहे, यादी पुढे ढकलणाऱ्यांनी त्यातलं एकही पुस्तक शाळा सुटल्यापासून उघडलेलं नाही. स्वतः न वाचलेलं पुस्तक मुलांना सुचवूच नये, आणि काढून तर मुळीच घेऊ नये. 'शाळा'चं तेच. नववीतल्या मुलाला मुलगी आवडते म्हणून कादंबरी कपाटात वरच्या खणात ठेवा म्हणे. नववीतल्या मुलांना मग काय आवडतं, भूमिती?

असो. काही मुलं हळवी असतात, काहींच्या घरात नुकतंच काही घडलेलं असतं, तेव्हा जपून द्यावं हे मान्य. एवढंच मान्य.

त्या मुलाचं राहिलंच. तो परत आला. पुस्तक बदलायला म्हणून आला खरा, पण तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "मको खाल्ल्यान तर मगे ते वर्षभर खातले काय?" त्या वर्षी त्यांचा भुईमूग डुकरांनी एका रात्रीत उकरला होता, केळीत वांदर होतेच. बापाला बांधावर नुसतं बसलेलं त्याने पाहिलं होतं. फ्लोरिडा कुठे आणि मालवण कुठे, पण पेनीचं म्हणणं त्याला माझ्याआधी कळलं. नंतर त्याने 'वनवास' नेलं, मग फास्टर फेणेचे सगळे भाग, वय उलटं करून. भुताखेताचंही न्यायचा. मी कधी अडवलं नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या आईने वाचलेलंच नाही, कोणीतरी अर्धवट सांगितलं आणि घाबरली, आपणही घाबरलो असतो. उद्या सकाळी पुस्तक घेऊन तिच्या घरी जाणार आहे. तिच्याच नावावर नोंद करणार. आधी तिने वाचावं. मुलीने चोरून वाचलं तर मी बघितलेलं नाही.

ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी माधुरी पुरंदरेंची पुस्तकं आणा आणि शेजारी बसून वाचा. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन फुकट ठेवलेत, तेवढा मोबाइल चालेल.

आणि चाकरमान्यांनो, चतुर्थीला येताना कोणाकडे 'पाडस'ची जादा प्रत असेल तर घेऊन या, आमच्या प्रतीची शिवण सुटलीय आणि या पावसात पानं फुगलीत. व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तकं कृपा करून आणू नका. गेल्या चतुर्थीची अजून खोक्यातच आहेत.