अक्रात राहायची जागा कशी शोधावी, तेही पुण्यात बसून

मागच्या शुक्रवारी रात्री अडीच वाजता मी अक्रामध्ये, म्हणजे घानाच्या राजधानीत, एका ‘एक्झिक्युटिव्ह अपार्टमेंट’च्या बाल्कनीत बनियनवर उभा होतो, अंगभर ओडोमॉस, शेजारी अर्धी बादली पाणी जी सकाळपर्यंत पुरवायची होती, आणि मनात एकच विचार, की पुण्याच्या ऑफिसात बसून ही जागा ज्याने निवडली त्याचं ज्ञान असं वाया जाऊ द्यायचं नाही. आजकाल आपली बरीच पोरं तिकडे जातात, कुणी औषध कंपनीत, कुणी पंप विकायला, कुणी माझ्यासारखं सॉफ्टवेअर बसवायला. तर घ्या लिहून.

सगळ्यात आधी नकाशा उघडा. ऑफिसवर एक बोट ठेवा, अपार्टमेंटवर दुसरं. दोन बोटांत चार बोटांचं अंतर असेल तर लगेच बुक करा. आमच्या ऑफिसचा पत्ता रिज भागातला आणि जागा घेतली स्पिंटेक्स रोडला, कारण नकाशावर म्हणे ‘एकच तर सरळ रस्ता आहे’. आहे ना, एकच आहे! म्हणूनच अख्खं स्पिंटेक्स सकाळी साडेसहाला त्याच रस्त्यावर असतं. मग येतो तेत्ते क्वार्शी इंटरचेंज. हे तेत्ते क्वार्शी म्हणजे घानात कोको आणणारे गृहस्थ, एकोणिसाव्या शतकातले. त्यांच्या नावाच्या चौकात आपण उभे राहतो तेवढ्या वेळात कोकोचं बी पेरून झाड वर यावं. पण बोअर होत नाही हं, गाड्यांच्या मधून पोरं-बायका डोक्यावर टोपल्या घेऊन फिरत असतात, केळ्याचे वेफर्स, पाण्याच्या पिशव्या, मोबाईलचे चार्जर, सगळं खिडकीत मिळतं. माझा नाश्ता तीन आठवडे तिथेच झाला. जाताना दीड तास, येताना पावणेदोन.

पत्ता विचारू नका. २०१७ पासून तिथे प्रत्येक जागेला डिजिटल पत्त्याचा कोड आहे, अक्षरं-आकडे असलेला, छान सोय. मालकाने मला कोड पाठवला तो शेजारच्या गल्लीतल्या वेल्डिंगच्या दुकानाचा. अर्थात टॅक्सीवाला कोड बघतच नाही, तो फोन करून ‘कुठे आहात’ विचारतो, आणि आपण परक्या शहरात आंब्याच्या झाडाखाली उभं राहून सांगतो, ‘आंब्याच्या झाडाखाली’.

डिसेंबरात जायचं असेल तर बुकिंग तिथे उतरल्यावरच करा. अख्ख्या जगातले घानावाले तेव्हा सुट्टीला घरी आलेले असतात, कुणीतरी सरकून जागा देईल.

रिव्ह्यू मात्र वाचा, आणि तारीख अजिबात बघू नका. आमच्या जागेला एका बाईंनी लिहिलं होतं, ‘अतिशय शांत परिसर’. खरंच शांत असणार, कारण त्या मे महिन्याच्या शेवटी राहिल्या होत्या. अक्रा हे मूळ गा लोकांचं गाव, त्यांच्या होमोवो सणाच्या आधी साधारण मे-जूनमध्ये महिनाभर ढोल-ताशा, लाऊडस्पीकर सगळ्यावर बंदी असते, चर्चनासुद्धा. बाकीचे अकरा महिने काय असतं ते रिव्ह्यूत नव्हतं. ते मी आता सांगतोच.

कारण आता मुख्य सल्ला. जाहिरातीत ‘२४ तास लाईट, २४ तास पाणी, स्टँडबाय जनरेटर’ लिहिलेलं असलं की पुढे एकही प्रश्न विचारू नका. जनरेटरचा फोटो आहे ना? झालं तर. घानात लाईट जाण्या-येण्याला एक खास शब्द आहे, दुमसोर, दुम म्हणजे बंद आणि सो म्हणजे चालू, म्हणजे भाषेतच शब्द तयार झालाय इतकी सवय, पण आपण कशाला विचारा. तर शुक्रवारी रात्री अकराला लाईट गेली. मी म्हटलं दुमसोर असेल. बाहेर बघतो तर शेजारच्या बंगल्यात ट्यूबलाईट चालू! केअरटेकरला उठवलं, तो म्हणाला लाईट आहे, क्रेडिट संपलंय. मीटर प्रीपेड असतो, मोबाईलच्या रिचार्जसारखा, आणि हा जुना कार्डवाला मीटर, म्हणजे कार्ड घेऊन दुकानात जायचं, दुकान सकाळी उघडणार. मग म्हटलं बाबा जनरेटर लाव, त्याला तिथे प्लांट म्हणतात, तर म्हणतो, ‘द प्लांट इज स्पॉइल्ड, प्लीज.’ कधीपासून? ‘ओ, लाँग टाइम.’ म्हणजे फोटो काढला तेव्हा होता, आणि आता फोटो काढायलाच आहे. मालकाला फोन लावला तर त्यांचं म्हणणं, क्रेडिट भरायचं गेस्टने, ते ॲग्रीमेंटमध्ये आहे. कुठल्या ॲग्रीमेंटमध्ये? जे पुण्याला पाठवलंय. केअरटेकर म्हणाला ‘आय ॲम कमिंग’ आणि गेला. तिथे ‘आय ॲम कमिंग’ म्हणजे मी आता जातोय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मी दोन तास दाराशी उभा! एसी बंद, खिडकी उघडावी तर डास, आणि मलेरियाच्या गोळ्या घेत असलो तरी चावल्यावर आगच होते. आणि पाणी? नळ सोडला, फुस्स. गच्चीवर ती काळी पॉलीटँकची टाकी आहे ना भली मोठी, त्यात पाणी चढवायला पंप लागतो आणि पंपाला लाईट लागते. हे मी पंपाच्या शहरातून आलेला माणूस रात्री एक वाजता बादली बघत शिकलो. आणि या सगळ्यात भिंतीपलीकडे, पत्र्याच्या गोडाऊनमध्ये, चर्च. शुक्रवारची ऑल नाईट प्रार्थना. त्यांचा प्लांट स्पॉइल्ड नव्हता. त्यांचा प्लांट उत्तम होता, डिझेल फुल, सोळा स्पीकर, आणि पास्टरसाहेब पहाटे चारपर्यंत ओरडून सांगत होते की प्रकाश येईल. मी आमेन म्हटलं, काय करणार.

साडेचारला पुण्याहून फोन. तिकडे दहा वाजलेले, सायबांचा चहा झालेला. ‘काय मग, जागा आवडली का?’

तळमजलाच घ्या, शक्यतो नाल्याला लागून, हा पण एक सल्ला लिहिणार होतो. पण अक्रातल्या ओडाव नदीकाठचे सखल भाग पावसाळ्यात दरवर्षी तुंबतात, आणि ३ जून २०१५ ला तिथल्या ‘सर्कल’ नावाच्या मोठ्या चौकाजवळ पुरात लोक पेट्रोल पंपावर आडोशाला थांबले आणि तिथे स्फोट झाला, दीडशेहून जास्त माणसं गेली. यावर विनोद नाही सुचत. वरचा मजला घ्या, बास.

मुक्काम वर्षभराचा असेल तर भाड्याचा कायदा पाठ करून जा. १९६३ चा कायदा म्हणतो की सहा महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ भाडं मागायचं नाही. घरमालक एक नाहीतर दोन वर्षांचं मागतात. आपल्या अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटला नावं ठेवणाऱ्यांनी हे मुद्दाम अनुभवावं.

आणि शेवटचा सल्ला, तिथल्या माणसाला चुकूनही विचारू नका. आमच्या अक्रा ऑफिसात अकाउंट्सला एक मॅडम आहेत, जन्म त्याच शहरात. पहिल्या दिवशी मी घामाघूम होऊन पावणेदहाला पोचलो तेव्हा त्यांनी विचारलं, ‘तुम्हाला स्पिंटेक्सला कुणी पाठवलं? काय बिघडवलं होतं तुम्ही त्यांचं?’ मग दोन मिनिटांत कागदावर लिहून दिलं, ओसू किंवा लाबोने भाग, रिजमध्येच दोन गेस्टहाऊस, मीटरमध्ये क्रेडिट कोण भरतं ते विचारा, प्लांट फोनवर चालू करून आवाज ऐकवायला सांगा, शुक्रवारी रात्री मागे काय असतं ते विचारा. दोन मिनिटं! एक फोन!

जागा निवडणाऱ्या सायबा, तो फोन का नाही केला रे? सांग ना. हिंजवडीच्या ऑफिसला कुणी हडपसरची जागा दिली आणि ‘नकाशावर जवळच आहे’ म्हणाला तर तू त्याला तोंडावर हसशील, पण गाव आफ्रिकेतलं असलं की तुझी अक्कल नकाशापाशी संपते. तुझ्या डोक्यात आधीच ठरलेलं की ‘तिकडे काय, असंच असणार’, मग स्वस्तातली स्वस्त जागा घ्यायची, आणि पाणी गेलं की परत म्हणायचं ‘बघा, आफ्रिका!’ आफ्रिका नाही रे बाबा, तू! त्याच रात्री शेजारच्या बंगल्यात लाईट होती, हे तीनदा सांगितलं तुला. खोटी जाहिरात देणारा मालक लबाडच, त्याला काय सोडणार नाही मी, पण तसले मालक कोथरूडातही ढिगाने आहेत, तिथे तू जाऊन नळ सोडून बघतोस की नाही? घानाच्या राष्ट्राध्यक्षांचं जुबिली हाऊस भारताच्या कर्जातून मुंबईच्या कंपनीने उभं केलं, आणि आपल्याला तीन आठवड्यांसाठी पाणी येणारी एक खोली शोधता येत नाही, लाज वाटते मला त्या मॅडमसमोर.

आणि काल मला फॉर्म पाठवलास, ‘तुमचा मुक्काम कसा झाला, पाच पैकी तारे द्या’.

पुढच्या महिन्यात परत जायचंय. लाबोनेमध्ये बुकिंग मी स्वतः केलंय, प्लांटचा आवाज फोनवर ऐकून. बिल पाठवतो, मुकाट्याने सही कर.