‘काम करणारा माणूस अमेरिकेत बेघर होत नाही’, हे खरं नाही

गेल्या आठवड्यात मामांनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. दोन दिवसांत तोच मला कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर दिसला आणि मग इथल्या मराठी मंडळाच्याही. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत बेघर होतात ते व्यसनी आणि आळशी. हातपाय हलवणारा माणूस तिथे रस्त्यावर येतच नाही. पदरात मुलं असली तर सरकार फुकट घर देतं. अलीकडे आकडा वाढला तो बाहेरून आलेल्यांमुळे. आणि सगळ्याचं मूळ म्हणजे त्यांच्याकडे आपल्यासारखी कुटुंबव्यवस्था नाही.

मी बॉस्टनजवळच्या एका गावात शाळेच्या ऑफिसात काम करते. नवीन मुलांचे प्रवेश माझ्याच टेबलावर होतात. प्रवेशाच्या कागदांत एक पान असतं: मूल सध्या रात्री कुठे झोपतं? स्वतःच्या किंवा भाड्याच्या घरात, शेल्टरमध्ये (म्हणजे बेघरांसाठीच्या तात्पुरत्या निवाऱ्यात), मोटेलात, गाडीत, की घर गेल्यामुळे दुसऱ्या कुणाच्या घरी? बाकीची पानं आईवडील भराभर भरतात. या पानाशी काहींचं पेन थांबतं. त्या थांबलेल्या पेनांमुळे मला हा फॉरवर्ड नुसता वाचून सोडून देता येत नाही.

आधी ‘काम करणारा’ हा शब्द घेऊ. अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर आहे आणि २००९च्या जुलैपासून त्यात एक सेंटही वाढलेला नाही. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, एकही सुट्टी नाही, असं धरलं तरी वर्षाला १५,०८० डॉलर होतात. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत भाडं परवडतं असं इथे मानतात. म्हणजे महिन्याला ३७७ डॉलर. २०२४ साली साधं दोन बेडरूमचं घर परवडायला देशाच्या सरासरीने तासाला ३२ डॉलर मिळायला हवे होते. किमान वेतनावर पूर्णवेळ राबणाऱ्याला असं घर परवडेल असं एकही राज्य या देशात नाही. आमच्या मॅसॅच्युसेट्सचं किमान वेतन १५ डॉलर, म्हणजे दुपटीहून जास्त, पण बॉस्टनच्या आसपास दोन बेडरूमचं भाडं अडीच हजारांच्या वर जातं. त्या पगारात झेपतं जेमतेम ७८० डॉलर.

शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी जनगणनेची आणि कराची कागदपत्रं जोडून पाहिली. शेल्टरमध्ये राहणाऱ्या ६५ वर्षांखालच्या लोकांपैकी निम्म्याहून अधिक जणांची त्या वर्षात नोंद झालेली कमाई होती. सगळे पूर्णवेळ कामावर होते असा याचा अर्थ नाही, पण आळशी या शब्दात हे लोक बसत नाहीत.

मागच्या सप्टेंबरात एक बाई आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. अंगावर नर्सिंग होमचा निळा गणवेश, रात्रपाळी संपवून थेट शाळेत. घर कसं गेलं ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. गाडीचा गिअरबॉक्स गेला, त्यामुळे नऊ पाळ्या बुडाल्या, भाडं थकलं, चौदा दिवसांची नोटीस आली. पुढे कोर्ट. आता नवीन घर घ्यायचं तर इथे घरमालक पहिल्या महिन्याचं भाडं, शेवटच्या महिन्याचं भाडं आणि तेवढंच डिपॉझिट मागू शकतो. परवापरवापर्यंत दलालीही भाडेकरूच्याच माथी बसायची. महिन्याचं भाडं देता येत नाही म्हणून ज्याचं घर गेलं, त्याच्याकडे एकदम तीन-चार महिन्यांचं मागायचं. घर जायला एक महिना पुरतो, परत मिळवायला दोन-दोन वर्षं लागतात, ते यामुळे.

त्या बाईंनी पेन खाली ठेवून मला एकच विचारलं, ‘‘मोटेलवर खूण केली तर हिला प्रवेश नाकारतील का?’’ उलट आहे. १९८७च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्याखाली अशा मुलाला पत्त्याचे पुरावे नसले तरी लगेच प्रवेश द्यावा लागतो. कुटुंब दूर गेलं तरी मूल आधीच्या शाळेत राहू शकतं, आणि त्याच्या जाण्यायेण्याची सोय शाळेकडे असते. हे सांगितल्यावर त्यांनी खूण केली.

व्यसनाचा मुद्दा लवकर संपतो. २०२३ साली अमली पदार्थांच्या अतिसेवनाने दरडोई सर्वाधिक मृत्यू झाले ते वेस्ट व्हर्जिनियात. तिथे बेघरांचं प्रमाण मात्र देशाच्या सरासरीहून कमी आहे, कारण घरभाडं कमी आहे. व्यसन आणि मानसिक आजार माणसाला पडायला लावतात, पण पडणारा थेट रस्त्यावर येतो की एखाद्या स्वस्त खोलीत सावरतो, हे त्या गावात स्वस्त खोली शिल्लक आहे का यावर ठरतं. कुटुंबांच्या बाबतीत तर हे चित्र आणखीच चुकीचं आहे. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने २०१०पासून १२ ठिकाणच्या २,२८२ बेघर कुटुंबांचा अभ्यास केला. त्यातलं नमुनेदार कुटुंब म्हणजे २९ वर्षांची आई आणि एक-दोन मुलं.

आता ‘मुलं असली की सरकार फुकट घर देतं’. सरकारी भाडेमदतीला पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी साधारण एकालाच ती मिळते. बाकीचे रांगेत, आणि रांग वर्षानुवर्षांची. अत्यंत कमी उत्पन्नाच्या १०० भाडेकरू कुटुंबांमागे देशात परवडणारी आणि उपलब्ध घरं ३५च आहेत. नंबर लागून व्हाउचर, म्हणजे भाड्यातला वाटा सरकार भरेल असं पत्र, हातात आलं तरी ते घेणारा घरमालक ठरलेल्या मुदतीत शोधावा लागतो. नाही सापडला तर व्हाउचर परत जातं, आणि दहापैकी सुमारे चौघांच्या बाबतीत असंच होतं.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुधा शेल्टरला घर समजलं आहे. बेघर कुटुंबांना राज्यभर निवाऱ्याचा कायदेशीर हक्क देणारं मॅसॅच्युसेट्स हे एकमेव राज्य, आणि तेही १९८३पासून. पण २०२३च्या शरदात ७,५०० कुटुंबांची मर्यादा आली, आणि पुढे राहण्याची मुदतही आधी नऊ आणि मग सहा महिन्यांवर आणली. २०२५पर्यंत मोटेलांत चाललेल्या शेल्टरची खोली म्हणजे काय, तर दोन पलंग, छोटा फ्रीज, मायक्रोवेव्ह. गॅस नाही. भात मायक्रोवेव्हमध्ये, अंडीही त्यातच. इतर कुठल्याही राज्यात राज्यभर एवढाही हक्क नाही.

बाहेरून आलेल्यांच्या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते मी मान्य करते. जानेवारी २०२४च्या एका रात्रीच्या मोजणीत अमेरिकेत ७,७१,४८० लोक बेघर सापडले. त्यातले सुमारे २ लाख ५९ हजार मुलांसह असलेल्या कुटुंबांतले होते, आणि कुटुंबांचा हा आकडा एका वर्षात ३९ टक्क्यांनी वाढला. आश्रय मागणारी कुटुंबं मोठ्या संख्येने आलेल्या १३ ठिकाणी तो दुपटीहून वर गेला. बाकीच्या ३७३ ठिकाणी वाढ आठ टक्क्यांहून कमी होती. म्हणजे त्या वर्षातल्या उडीचं मोठं कारण स्थलांतर होतं, हे खरंच. पण बाकीच्या ठिकाणीही संख्या वाढलीच की, आणि आधीची लाखो माणसं कुणामुळे बेघर होती? निवाऱ्याचा हक्क आमच्या राज्याला चाळीस वर्षांपूर्वी द्यावा लागला, तो इथल्याच कुटुंबांसाठी.

राहिली कुटुंबव्यवस्था. या मुद्द्यावर मामांना मला थोडं सविस्तर सांगायचं आहे.

नातेवाईक दार उघडत नाहीत, हे साफ चूक आहे. २०२२-२३ या शालेय वर्षात अमेरिकेच्या शाळांनी सुमारे १३ लाख ७० हजार मुलं बेघर म्हणून नोंदली. त्यातली जवळपास तीन चतुर्थांश कुणाच्या तरी घरी राहत होती: आजी, मावशी, आईची मैत्रीण. आम्ही त्याला डबल्ड-अप म्हणतो. दिवाणखान्यात गादी, कपडे काळ्या पिशवीत, बाथरूमला नंबर. एका रात्रीच्या मोजणीत ही मुलं धरलीच जात नाहीत, म्हणून ते आकडे इतके वेगळे दिसतात. दार नंतर बंद होतं ते माया आटल्यामुळे नाही. घरात कोण राहणार त्यांची नावं लीजवर, म्हणजे भाडेकरारावर, असतात, पाहुणा किती रात्री राहील हेही अनेक लीजमध्ये लिहिलेलं असतं. मालकाला कळलं तर मावशीचंच घर जायचं. शिवाय गृहनिर्माण खात्याच्या त्या मोठ्या अभ्यासातल्या जवळपास निम्म्या कुटुंबप्रमुखांनी नवऱ्याचा किंवा जोडीदाराचा मार खाल्लेला होता. तिथे घर सोडून मुलांना घेऊन निघणं हेच आईने केलेलं सर्वांत जबाबदार काम असतं.

मामा, आपले आजोबा गिरणीत होते. जानेवारी १९८२मध्ये संप झाला आणि पगार थांबला तो कायमचाच. आजी डबे करायला लागली, तुम्ही शाळा सोडून प्रेसमध्ये लागलात. गावाहून तांदूळ यायचा, शेजारी वाण्याची उधारी सांभाळून घ्यायचे. कुटुंबाने सावरलं हे शंभर टक्के खरं. पण सावरायला दहा बाय बाराची ती खोली जागेवर होती. १९४७च्या भाडेकायद्याने तिचं भाडं गोठलेलं होतं आणि आजोबांना कुणी चौदा दिवसांत बाहेर काढू शकत नव्हतं. तीच खोली महिन्याला आजोबांच्या सगळ्या पगाराएवढ्या भाड्याची असती, तर आपण सातजण त्या वर्षी कुठे असतो?

मुलांवर काय होतं, ते मी रोज बघते. अमेरिकेत माणूस शेल्टरमध्ये असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती वयाच्या पहिल्या वर्षात. रांगायला शिकायचं त्या वयात. मोठी मुलं शाळा बदलत राहतात, गैरहजेरी वाढते, वाचन मागे पडतं. निळ्या गणवेशातल्या त्या बाईंच्या मुलीने लायब्ररीचं पुस्तक घरी न्यायला नकार दिला. आधीचं पुस्तक सामानासोबत कुठल्याशा गोदामात अडकलं होतं आणि ते हरवल्याचा तिने धसका घेतला होता. तिने केलेला मातीचा ज्वालामुखीही तिने माझ्या कपाटात ठेवायला दिला. मोटेलात ठेवायला जागा नाही, म्हणाली.

यावर कोणता उपाय चालतो, हेही गृहनिर्माण खात्याच्या त्याच अभ्यासात तपासलं होतं. ज्या कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून लगेच कायमचं व्हाउचर मिळालं, त्यांच्यात पुन्हा बेघर होण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. घरातली मारहाण कमी झाली, आयांचं मानसिक ओझं हलकं झालं, मुलांच्या शाळा कमी बदलल्या. कामाच्या प्रमाणात सुरुवातीला थोडी घट दिसली, हेही त्या अहवालात आहे. तीन वर्षांचा खर्च नेहमीच्या शेल्टर-पद्धतीपेक्षा साधारण नऊ टक्केच जास्त आला. म्हणजे सरकार पैसा तर आताही घालतंच आहे, फक्त तो शेल्टरांवर जातो.

मामा, फॉरवर्ड काढून टाका असं मी म्हणत नाही. त्याच्याच खाली हे टाकते आहे, मंडळाच्या ग्रुपवरही टाकेन. कुणाला आकड्यांबद्दल शंका असेल त्यांनी मला विचारावं, मात्र शाळा सुटल्यानंतर. पावणेतीनला मोटेलाकडे जाणारी व्हॅन येते, आणि ती येईपर्यंत मी त्या मुलीसोबत फाटकापाशी उभी असते.