अडीचने भागून ड्रॉ लेंग्थ मिळत नाही

धनुर्विद्येच्या उन्हाळी शिबिरांचे दिवस आले की नागपुरात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘दोन्ही हात आडवे पसरा, बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचांत मोजा, अडीचने भागा. हीच मुलाची ड्रॉ लेंग्थ. बाण तेवढ्याच लांबीचे कापून घ्या. धनुष्यावर २८ लिहिलं असेल तर दोरी २८ इंच ओढायची. जास्त ओढली की जोर जास्त.’ बांबूच्या किंवा साध्या लाकडी धनुष्यावर शिकणाऱ्या मुलाला हे सल्ले थेट इजा करू शकतात, म्हणून एकेक तपासू.

ड्रॉ लेंग्थ म्हणजे पूर्ण ओढीला दोरीपासून धनुष्यापर्यंतचं अंतर. आधी भागाकार. हातांचा पसारा ६५ इंच असेल तर अडीचने भागून २६ येतात. दुकानात कुठलं धनुष्य हातात घेऊन बघावं, एवढं ठरवायला हा अंदाज चालतो. पण ड्रॉ लेंग्थ हे नुसतं शरीराचं माप नाही. दोरी चेहऱ्यावर कुठे येऊन थांबते, म्हणजे अँकर कुठे आहे, यावर ती ठरते. ओठांच्या कोपऱ्याशी अँकर करणाऱ्यानेच उद्या अंगठ्याने ओढून दोरी कानामागे नेली, तर आकडा दोन-तीन इंचांनी सहज वाढतो. धनुष्य धरलेल्या हाताचा खांदा वर चढला किंवा कोपर वाकलं की तोच आकडा घटतो. सूत्राला यातलं काहीच कळत नाही.

‘कंपाउंडवालेही असंच मोजतात’ हा यावरचा नेहमीचा बचाव. नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवलं ते कंपाउंडवर, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्यावर. त्या धनुष्याच्या चाकांतच ओढीचा शेवट ठरवून ठेवलेला असतो. दोरी तिथे भिंतीला टेकावी तशी थांबते. अंदाज चुकला तरी ती यंत्रणा जुळवून घेता येते. पारंपरिक धनुष्यात अशी भिंत नाही. तिथे थांबायची जागा म्हणजे तुमचा अँकर, आणि तो धनुष्य ओढल्याशिवाय मोजता येत नाही.

मोजायचं असं. १५ ते २० पाउंडांच्या ओढीचं हलकं धनुष्य आणि ३२ इंची बाण घ्या. नॉकच्या, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाच्या, खाचेत जिथे दोरी बसते तिथून शून्य धरून बाणावर पाव-पाव इंचाच्या खुणा करा. बाण सोडायचा नसला तरी समोर बट, म्हणजे बाण अडवणारं लक्ष्य, हवाच, आणि मदतनीस बाजूला, समोर कधीच नाही. आठ-दहा वेळा ओढून अंग मोकळं होऊ द्या. ते आकडे धरू नका. मग अँकरला येऊन दोन-तीन सेकंद थांबा. नजर बटवर ठेवा. बाणाच्या टोकाकडे बघितलं की मान पुढे जाते आणि माप बिघडतं. ग्रिपचा सगळ्यात खोल भाग, जिथे अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी बसते, त्याच्या नेमक्या वर कुठली खूण आली ते मदतनीसाने वाचायचं. दोरी सावकाश परत आणा. बाणाशिवाय तर ती कधीच सोडू नका. तीन मापं जवळपास सारखी आली की त्यात पावणेदोन इंच मिळवा. सव्वाचोवीस आले असतील तर ड्रॉ लेंग्थ २६. हे पावणेदोन इंच धनुष्यबाण बनवणाऱ्यांच्या संघटनेच्या एएमओ मानकातले आहेत. काही कारागीर थेट धनुष्याच्या पुढच्या कडेपर्यंत मोजतात, त्यामुळे ऑर्डर देताना आकड्यासोबत तो कुठपर्यंतचा आहे तेही सांगा.

मदतीला कुणी नसेल तर कपडे वाळत घालायचा हलका चिमटा बाणावर, धनुष्याच्या पुढच्या बाजूला टेकवून लावा. ओढताना तो बाणावर सरकत जातो आणि शेवटी तिथेच राहतो. मात्र तो सगळ्यात लांबची ओढ दाखवतो. अँकरच्या पुढे क्षणभर जरी ओढलं तरी तीच नोंदते.

बाण ड्रॉ लेंग्थएवढा कापणं ही या मेसेजमधली सगळ्यात धोकादायक गोष्ट. थोडी जास्त ओढ झाली की टोक टेकूवरून मागे घसरतं आणि सोडताना बाण धनुष्य धरलेल्या हातात शिरू शकतो. बांबूच्या धनुष्यात बाण मुठीवरच टेकलेला असेल तर धोका आणखी मोठा. पूर्ण ओढीला बाण धनुष्याच्या पुढच्या कडेबाहेर किमान एक इंच, नवशिक्याचा दोन इंच हवा. वाढत्या मुलाचं माप दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा घ्या.

आता तो २८चा आकडा. ‘३० पाउंड, २८ इंच’ याचा अर्थ एवढाच की २८ इंचांवर ओढल्यावर ३० पाउंड भरतात. एवढ्या हलक्या धनुष्यात इंचामागे साधारण दोन पाउंड धरा. २६ इंच ओढणाऱ्याच्या बोटांवर सुमारे २६ पाउंड येतील. तीस हवे असतील तर जास्त पाउंडांचं धनुष्य घ्यावं, ओढ ताणू नये.

जास्त ओढली की जोर वाढतो, हे खरं. पण २६ इंच ओढीचं मूल २८ इंच ओढायला गेलं की दोरी अँकरच्या मागे जाते, डोकं मागे झुकतं, खांदा चढतो आणि सुटलेली दोरी कोपराच्या आतल्या बाजूला फटका देते. धनुष्य आखूड असेल तर दोरीचा कोन तीव्र होऊन बोटं चिमटली जातात. बांबूचं धनुष्य त्याच्या मापापेक्षा जास्त ओढलं तर पाठीवरचा, म्हणजे बटकडच्या बाजूचा, तंतू आधी उचकटतो. सरावाआधी दोरी न चढवता तिथून हळूच बोट फिरवा; नखाला कुसळासारखं काही लागलं तर ते धनुष्य त्या दिवसापासून ओढू नका.