टाइल लावली की भिंत वॉटरप्रूफ होत नाही

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज सध्या खूप फिरतोय. बाथरूम नवीन करताना जुन्या टाइल्स फोडू नका, वरूनच नवीन चिकटवा. टाइल आणि ग्राउट (टाइल्सच्या सांध्यांत भरतात तो मसाला) वॉटरप्रूफच असतात, मागचं वॉटरप्रूफिंग हा फुकटचा खर्च. बाथटबाच्या कडेला ग्राउट भरलं की काम झालं. असा त्याचा सारांश. यातला एकच मुद्दा अर्धा खरा आहे.

आधी ‘टाइल वॉटरप्रूफ असते’ हे घेऊ. वरचा चकचकीत थर पाणी अडवतो, मान्य. पण पाणी आत शिरतं ते सांध्यांतून. साधं सिमेंटचं ग्राउट सच्छिद्र असतं, आणि टबाच्या वरच्या भिंतीवर शॉवरचं पाणी रोज आदळतं. ते प्लास्टरमध्ये मुरतं, खाली उतरतं आणि टबाच्या मागे साठतं, जिथे कुणाची नजर पोचत नाही. म्हणून पाणी अडवायचं ते टाइलच्या मागे, भिंतीवरच. सिमेंटचं प्लास्टर ओळंब्यात घ्या, किमान 7 दिवस पाणी मारा, वाळू द्या. पावसाळ्यात ते वाळायला जास्त वेळ लागतो, तिथे घाई नको. मग पॉलिमर-सिमेंट कोटिंगचे दोन हात, एक उभा, एक आडवा. कोपऱ्यांत आणि पाइप बाहेर येतात तिथे फायबरची जाळी. शॉवरच्या भागात पीओपी किंवा जिप्सम प्लास्टर असेल तर ते खरवडून काढाच. ओल लागली की ते मऊ पडतं.

‘जुन्यावर नवीन चिकटवा’ हा तो अर्धा खरा मुद्दा. त्यासाठीचे अ‍ॅडहेसिव्ह मिळतात आणि कोरड्या, भक्कम भिंतीवर हे जमतं. पण थापीच्या दांड्यानं जुनी टाइल ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तिची पकड सुटलेली आहे. तिच्यावर नव्या टाइलचं वजन टाकणं धोक्याचं. आणि भिंतीत ओल असेल तर ती नव्या टाइलमागे तशीच राहणार.

सगळ्यात घातक सल्ला टबाच्या कडेचा. भरलेल्या टबात दीडशे-दोनशे लिटर पाणी, म्हणजे तितकेच किलो, वर माणसाचं वजन. टब किंचित खाली दबतो, रिकामा झाला की वर येतो. ग्राउट ताठ असतं, ते तडकतं. भिंतीचं कोटिंग टबाच्या उभ्या काठावर उतरवायचं, टाइल टबाला न टेकवता साधारण 3 मिलिमीटर वर थांबवायची आणि त्या फटीत बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन भरायचं. तेही टब पाण्यानं भरून, आणि सिलिकॉन पक्कं होईपर्यंत पाणी तसंच ठेवून. रिकाम्या टबाला सिलिकॉन मारलं तर पहिल्या भरलेल्या अंघोळीतच ते ताणलं जातं.

राहिला खर्च. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार) बाथरूम-संडासातून होणारी आतली गळती सभासदानं स्वखर्चानं दुरुस्त करायची असते. खालच्या घराच्या छताला पोपडे सुटले की टाइल, प्लास्टर, बहुतेकदा टबसुद्धा काढावा लागतो, आणि मग तेच कोटिंग करावं लागतं, जे पहिल्यांदा वाचवलं होतं.